सुईतून पसरणाऱ्या एचआयव्हीच्या वाणांचं मॉडेल कसं बांधायचं

हळदीच्या रानात पाणी साचून कंदकुज लागली, की सेलम लावली होती की दुसरा कुठला वाण, यावर बांधावर कुणी वाद घालत बसत नाही. आधी चर काढून पाण्याला वाट करून देतात. एचआयव्हीचा अभ्यास करणारी आम्ही मंडळी मात्र बरेचदा उलटं करतो. एखाद्या गटात विषाणूचा एक प्रकार झपाट्यानं वाढलेला दिसला, की 'हा प्रकार जास्त आक्रमक आहे' असा निष्कर्ष काढतो. मीही तो काढला आहे. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात मी असाच आलेख दाखवला. पूर्वी स्वतः सुईनं नशा करणारे आणि नंतर पीअर एज्युकेटर, म्हणजे आपल्यासारख्यांमध्येच जागृती करणारे कार्यकर्ते, झालेले एक दादा समोर बसले होते. त्यांनी विचारलं, "सर, यात सुई कुठंय?" माझ्या मॉडेलमध्ये विषाणू होता, माणसं होती. सुई नव्हतीच. तिथून पुढं मी हे काम ज्या क्रमानं करायला शिकलो, तो क्रम इथं देतो आहे.

संख्याशास्त्र किंवा कम्युनिटी मेडिसिन शिकणारे विद्यार्थी आणि एचआयव्ही प्रकल्पांत आकडेवारी सांभाळणारे कार्यकर्ते माझ्या डोळ्यांसमोर आहेत. एक्सेल येत असेल तर निम्मं काम होतं. उरलेल्या निम्म्यासाठी आर किंवा पायथन लागेल. व्हेरियंटला मी 'वाण' म्हणणार आहे, कारण सांगली-मिरजेत या शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

सांगलीत हे कशाला, असं विचारणारे भेटतात. आपल्या जिल्ह्यात एचआयव्ही पसरला तो मुख्यतः शरीरसंबंधांतून, आणि एकेकाळी राज्यातल्या जास्त लागण असलेल्या जिल्ह्यांत आपली गणना व्हायची. त्या काळात एचआयव्हीवर काम करणाऱ्या संग्राम संस्थेनं १९९२ पासून आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेनं १९९६ पासून एक गोष्ट करून दाखवली. ज्यांच्या आयुष्यातला प्रश्न आहे त्यांनाच बरोबर घेतलं, की काम होतं. आता कुपवाड आणि विटा परिसरात एमडी, म्हणजे मेफेड्रोन हे नशेचं द्रव्य, पकडल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत, आणि जिममधल्या पोरांकडे रक्तदाब वाढवणाऱ्या मेफेंटरमाईनची इंजेक्शनं सापडल्याच्याही. एमडी बहुतेक जण नाकानं ओढतात. पण नशेची पद्धत बदलायला फार काळ लागत नाही, आणि सुई आली की एचआयव्हीचा वेग वेगळा असतो. मणिपूरमध्ये सप्टेंबर १९८९ पर्यंत सुईनं नशा करणाऱ्यांच्या तपासण्यांत एचआयव्ही सापडत नव्हता. पुढच्या सहाच महिन्यांत तपासलेल्यांपैकी निम्म्यांत तो सापडला. गणित आधीपासून मांडून ठेवलेलं असावं, ते यासाठी.

पायरी १. प्रश्न एका ओळीत लिहा

वाण म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरवा. त्याचे निदान तीन अर्थ होतात. पहिला म्हणजे उपप्रकार. भारतात बहुतांश लागण उपप्रकार सीची आहे. मणिपुरात सुरुवातीला सीबरोबर थायलंडकडचा बीसुद्धा होता, आणि दोन्ही एकाच शरीरात भेटल्यामुळे बी-सी असे मिश्र वाणही त्या पट्ट्यात तयार झाले. दुसरा अर्थ औषधांना दाद न देणारे वाण. तिसरा म्हणजे एकाच उपप्रकारातली जास्त जोमाची शाखा. नेदरलँड्समध्ये २०२२ साली जाहीर झालेली व्हीबी ही अशी शाखा आहे.

तिन्हींची गणितं वेगळी होतात. औषधाला न जुमानणारा वाण बाहेरून तर येतोच, शिवाय उपचार घेणाऱ्या माणसाच्या शरीरातही तयार होतो, म्हणून तिथं मॉडेलच्या आकृतीत एक जास्तीचा बाण काढावा लागतो. त्यातही एम१८४व्ही हा बदल औषधाचा दाब नसला की लवकर मागे पडतो, तर के१०३एन एकदा दुसऱ्याच्या अंगात गेला की वर्षानुवर्षं टिकून राहतो. म्हणून 'औषधरोधक' असा एकच डबा करू नका. या लेखात मी पहिला अर्थ धरून चालतो. आपला प्रश्न असा आहे: दोन वाण एकाच गटात आले, तर पुढं कुठला जास्त दिसेल आणि का?

पायरी २. सुई कुणाकडून कुणाकडे जाते ते विचारा

इथं घाई केली की पुढचं सगळं वाया जातं. रोनाल्ड रॉसनं १८९७ मध्ये सिकंदराबादला मलेरियाचा डास पकडला आणि पुढं त्याच रोगाचं गणित मांडलं. त्यात माणसं आणि डास असे दोन वेगळे समूह होते, आणि रोग एकातून दुसऱ्यात जात होता. येल विद्यापीठाच्या एडवर्ड कॅप्लान यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला सुयांचं मॉडेल मांडलं, त्याची रचना तशीच आहे. डासाच्या जागी सुई. माणूस सुईला दूषित करतो, सुई पुढच्या माणसाला. न्यू हेवन शहरात १९९० मध्ये सुया बदलून देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. परत आलेल्या सुया तपासून कॅप्लान यांनी काढलेला अंदाज असा, की नव्या लागणी साधारण एक तृतीयांशानं कमी झाल्या. माणसांचं वागणं बदललं नाही असं धरलं, तरी सुईचं फिरणं कमी झालं की लागण कमी होते, हा त्या मॉडेलचा गाभा आहे.

म्हणून आकडे मागण्याआधी गोष्टी विचारा, आणि त्या पीअर कार्यकर्त्यांनाच विचारू द्या. 'तुम्ही सुई शेअर करता का?' या प्रश्नाला बहुतेक जण नाही म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या लेखी मित्राबरोबर वापरलेली सुई ही शेअर केलेली सुई नसतेच. त्यापेक्षा 'मागच्या वेळी सुई कुठून आणली, आधी कुणी वापरली होती, नंतर कुणाला दिली?' असं विचारा. दिली आणि घेतली हे वेगळं लिहा. लागण घेणाऱ्याला होते, म्हणून मॉडेलला 'घेतली' हा आकडा हवा. मी त्याला 'उसनी सुई' म्हणतो. मग त्याच चमच्यात पूड विरघळवली का, पाणी एकच होतं का, एका सिरींजमधून दुसरीत माल भरला का, हेही विचारा. सुई प्रत्येकाची वेगळी असली तरी या वाटांनी रक्त एकमेकांत मिसळतं.

आणखी एक गोष्ट इंजिनिअरिंगच्या मुलांना पटकन कळते. सिरींजचा दट्ट्या पूर्ण दाबला तरी आत थोडा द्रव उरतो. सुई वेगळी काढता येणाऱ्या मोठ्या सिरींजमध्ये तो सुमारे ८४ मायक्रोलिटर असतो, तर सुई कायमची जोडलेल्या इन्सुलिनच्या सिरींजमध्ये सुमारे २. पाण्यानं धुतल्यावर उरणाऱ्या रक्तात हा फरक आणखी कितीतरी पटींनी वाढतो. तुमच्या भागात मेडिकलमधून कुठली सिरींज घेतली जाते ही नोंद म्हणूनच मॉडेलच्या फाईलमध्ये हवी. एरवी एकाच वाणाला दोन गावांत दोन वेग मिळतील आणि दोष वाणाला दिला जाईल.

पायरी ३. डबे काढा

कागदावरच काढा, संगणक नंतर. एक डबा म्हणजे एकाच अवस्थेतली माणसं. एका वाणासाठी चार डबे पुरतात: निरोगी, ताजी लागण, जुनी लागण आणि औषधानं विषाणू दबलेले. ताज्या लागणीचा डबा वेगळा ठेवायचा, कारण पहिल्या दोन-तीन महिन्यांत रक्तातला विषाणू प्रचंड असतो, आणि तपासणी झालेली नसल्यानं त्या माणसाला स्वतःलाही काही ठाऊक नसतं. सुईच्या बाबतीत सगळा वेग बहुतेक इथून येतो.

दोन वाण असले की निरोगी हा डबा एकच राहतो, बाकीच्या तिन्हींची जोडी होते. असे सात डबे झाले. आठवा डबा दुहेरी लागणीचा. मिश्र वाणांचा प्रश्न नसेल तर तो सुरुवातीला रिकामाच ठेवा, पण काढून ठेवा. प्रत्येक डब्यातून नशा सोडणारे, गाव सोडणारे आणि मरण पावणारे बाहेर जातात, तेवढेच नवे निरोगी आत येतात, असं धरलं की गटाची संख्या स्थिर राहते. प्रत्यक्षात ती स्थिर नसते. मात्र पहिल्या फेरीत एका वेळी एकच गोष्ट हलू द्यावी.

एक्सेलमध्ये प्रत्येक ओळ म्हणजे एक आठवडा धरा, वर्ष नको. ताजी लागण बारा आठवड्यांचीच असेल, तर वर्षाच्या ओळीत ती दिसणारच नाही. नव्या लागणीचं सूत्र असं:

या आठवड्यातल्या नव्या लागणी = निरोगी × आठवड्याला उसन्या सुया × (ताजे × ताज्यांची शक्यता + जुने × जुन्यांची शक्यता) ÷ एकूण माणसं

इथं शक्यता म्हणजे तशा माणसाची सुई एकदा घेतल्यावर लागण होण्याची. दोन्ही वाणांना हेच सूत्र स्वतंत्रपणे लावायचं.

पायरी ४. आकडे भरा आणि एकदा हातानं सोडवा

लागण झालेल्या माणसाची सुई एकदा घेतली, तर एचआयव्ही होण्याची शक्यता दहा हजारांत सुमारे ६३, म्हणजे ०.००६३. हा सर्वत्र वापरला जाणारा अंदाज आहे. जुन्या लागणीसाठी आपण तोच घेऊ. ताजी लागण किती पटींनी जास्त संसर्गजन्य, यावर मात्र मोठा मतभेद आहे. शरीरसंबंधांच्या अभ्यासांतून आलेले अंदाज ५ पटींपासून २६ पटींपर्यंत आहेत. आपण आधी १० घेऊ, म्हणजे ०.०६३.

पुढचे आकडे निव्वळ उदाहरणासाठी घेतले आहेत, कुठल्या गावाचे नाहीत. ३०० माणसांचा गट, प्रत्येकाची आठवड्याला एक उसनी सुई, ताजी लागण १२ आठवडे, आणि औषध नसेल तर त्यानंतर २४० आठवडे गटात वावर.

एक माणूस ताज्या काळात १२ × ०.०६३ = ०.७५६ जणांना लागण देतो. जुन्या काळात २४० × ०.००६३ = १.५१२ जणांना. बेरीज २.२७. हा मूळ प्रसारांक. एकाच्या वर आहे, म्हणजे साथ वाढणार.

आता औषध आणा. निदान लवकर होऊन ४८ आठवड्यांत विषाणू दबला असं धरा. जुन्या काळाचं योगदान ०.३०२ वर येतं, ताज्या काळाचं मात्र ०.७५६ च राहतं. बेरीज १.०६. इतकं चांगलं औषधपाणी करूनही साथ जेमतेम उंबऱ्यावर! आता इथंच १० पटींऐवजी ५ पट घातली तर बेरीज ०.६८ येते आणि साथ विझते. २६ पट घातली तर २.२७, म्हणजे साथ जोरात. एका आकड्यावर निष्कर्ष इतका हलतो. म्हणून एकच उत्तर देणाऱ्या मॉडेलवर मी विश्वास ठेवत नाही, आणि तुम्हीही ठेवू नका. तिन्ही आकडे घालून तिन्ही उत्तरं टेबलावर ठेवा. उसन्या सुया निम्म्यावर आल्या तर तिन्ही उत्तरं निम्मी होतात, हेही तिथंच दिसेल.

हा हिशेब दर वेळी वेगळा माणूस भेटतो असं धरतो. खरं तर सुई दोघा-तिघांतच फिरते. ताज्या लागणीच्या बारा आठवड्यांत बाराही वेळा तोच मित्र सुई घेत असेल, तर त्याला लागण होण्याची शक्यता १ − ०.९३७ चा बारावा घात, म्हणजे सुमारे ०.५४. पंचाहत्तर शतांश नाही, चोपन्न. आणि त्याला एकदा लागण झाली, की पुढच्या २४० आठवड्यांत देण्यासारखं दुसरं कुणी उरत नाही. ठरलेली जोडी आणि अड्ड्यावर पडलेली सामाईक सुई यांत हा एवढा फरक आहे. गटात अड्डे किती आणि जोड्या किती, हे कळलं की पुढं जाळ्याचं मॉडेल बांधता येतं. आर मधलं एपिमॉडेल हे पॅकेज त्यासाठी चांगलं आहे.

आकडे बरे आहेत का ते पाहायला उलटा हिशेब करा. पुराच्या दिवसांत आयर्विन पुलाजवळ उभं राहून आपण पाणी किती फुटांवर आहे एवढंच विचारत नाही, तासाला किती चढतंय तेही विचारतो. इथंही तसंच. समजा एखाद्या गटात लागण २६ आठवड्यांत एक टक्क्यावरून पन्नास टक्क्यांवर गेली. म्हणजे लागण झालेल्यांचं बाकीच्यांशी प्रमाण १:९९ वरून १:१ झालं, ९९ पट. तर आठवड्याचा वाढीचा दर लॉग(९९) ÷ २६, म्हणजे सुमारे ०.१८ येतो. इथला लॉग नैसर्गिक पायाचा आहे. ०.००६३ ही शक्यता धरली, तर हा वेग गाठायला आठवड्याला अठ्ठावीस उसन्या सुया लागतील, दिवसाला चार. ०.०६३ धरली तर तीनही पुरतात. मणिपूरसारखा वेग दिसला, की ताजी लागण आणि सामाईक सुई यांची जोडी आहे असं समजून कामाला लागावं. नव्या वाणाचा शोध तेव्हा पहिल्या दिवसाचं काम नाही.

पायरी ५. चिंचोक्यांचा खेळ

संपूर्ण लेखातली एकच गोष्ट करून पाहणार असाल, तर ही करा. मी वर्गात दर वर्षी करतो, आणि दर वर्षी मुलं गप्प होतात.

एका पिशवीत दोन चिंचोके टाका. एक काळा, दुसरा फरशीवर घासून पांढरा केलेला. न बघता एक काढा, तो परत टाका आणि त्याच रंगाचा आणखी एक टाका. हे करत राहा, पिशवीत शंभर होईपर्यंत. काळा आणि पांढरा हे दोन वाण, आणि काढलेला प्रत्येक चिंचोका म्हणजे आणखी एकाला दिलेली लागण. दोन्ही वाणांची ताकद अगदी सारखी आहे, नियम एकच आहे. शेवटी किती पांढरे असतील?

मुलं म्हणतात, पन्नासच्या आसपास. उत्तर वेगळं आहे. १ पासून ९९ पर्यंत प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच असते. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाच्या नावानं हा खेळ ओळखला जातो. याचा अर्थ, ८० किंवा त्याहून जास्त चिंचोके एकाच रंगाचे असण्याची शक्यता ९९ पैकी ४० आहे. दहा गट खेळायला बसले तर साधारण चार पिशव्यांमध्ये एका रंगाचा वरचष्मा असतो. त्यातली एखादी पिशवी माझ्यासमोर आली असती, तर 'काळा वाण आक्रमक आहे' असा लेख मी लिहिला असता.

पहिल्या चार-पाच वेळा काय घडलं, त्यावर सगळं ठरतं. साथीतही तसंच. पहिल्या महिन्यात ज्याची सुई अड्ड्यावर होती, त्याचा वाण पुढं.

म्हणून तुमच्या मॉडेलची पहिली परीक्षा हीच ठेवा. दोन्ही वाणांना एकच आकडे द्या, फक्त नावं वेगळी, आणि एक हजार वेळा चालवा. सरासरीत निम्मे-निम्मे यायला हवेत. नसतील तर सूत्रात चूक आहे. मग एकेका फेरीत एकतर्फी निकाल किती वेळा आला ते मोजा. प्रत्यक्ष माहितीत दिसणारी एकतर्फी स्थिती या मोजणीत सहज बसत असेल, तर ताकदीचा दावा करायला जागा नाही. यासाठी एक्सेलचं सरासरी चालणारं मॉडेल पुरत नाही, नशिबाला जागा देणारं मॉडेल लागतं. डॅनियल गिलेस्पी यांनी १९७७ मध्ये मांडलेली पद्धत पायथनमध्ये चाळीस-पन्नास ओळींत लिहून होते. लागण शून्य ठेवली तर शून्यच राहते ना, आणि डब्यांची बेरीज शेवटपर्यंत ३०० च येते ना, या दोन तपासण्या त्यातच उरकून घ्या.

पायरी ६. आधी आलेला आणि मागून आलेला

आता एका वाणाला खरोखर जास्त ताकद द्या. पहिल्याचा प्रसारांक २.२७, दुसऱ्याचा दीडपट, ३.४. बाहेरून एक लागण आली तर ती पसरण्याआधीच विझण्याची शक्यता, सोप्या गृहीतकांत, एक भागिले प्रसारांक. पहिला वाण शंभरातून ४४ वेळा आपोआप विझतो, दुसरा २९ वेळा. जोरकस वाणही दहातून तीनदा काही न करता संपतो.

पण पहिला वाण आधीच येऊन स्थिरावला असेल तर? तेव्हा गटातले निरोगी १ ÷ २.२७, म्हणजे ४४ टक्केच उरतात. नव्या वाणाचा त्या घडीचा प्रसारांक ३.४ × ०.४४ = १.५. त्याची विझण्याची शक्यता आता दोन तृतीयांश. दीडपट ताकद असूनही तीनातून दोनदा हार! एका लागणीनंतर दुसरी होत नाही असं इथं धरलं आहे. दुहेरी लागण होते असं धरलं, की हा अडसर थोडा ढिला होतो आणि मिश्र वाणांची वाट उघडते. तो आठवा डबा आता भरायला घ्या.

आतापर्यंतचं गणित खऱ्या साथींना लावून पाहा. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या स्कॉट काउंटीत २०१४-१५ मध्ये सुईतून २०० हून जास्त जणांना लागण झाली, आणि बहुतेक सगळ्यांत एकाच मुळाचा विषाणू होता. तेवढंच पाहिलं तर वाटेल, वाण भयंकर असणार. अथेन्समध्ये मात्र २०११ च्या सुमारास सुईनं नशा करणाऱ्यांत साथ उसळली, तेव्हा उपप्रकार ए, उपप्रकार बी, सीआरएफ१४ आणि सीआरएफ३५ (सीआरएफ म्हणजे पसरलेले मिश्र वाण) असे चार वेगवेगळ्या मुळांचे वाण एकाच वेळी वाढले. चार वाण एकदम आक्रमक होत नसतात. पाणी साचलेलं होतं, आणि ते त्या शहरातल्या सुईच्या टंचाईचं आणि तुटपुंज्या उपचारांचं होतं. स्कॉट काउंटीतही तसंच: गाव लहान, सुया थोड्या, वाण एकटाच आधी आलेला.

खरी ताकद सिद्ध करायची तर पुरावा कसा हवा, ते व्हीबीच्या अभ्यासात दिसतं. तिथं नुसती संख्या मोजली नाही. १०९ माणसांच्या रक्तातला विषाणू मोजला, तो इतरांपेक्षा ३.५ ते ५.५ पट जास्त निघाला, आणि रोगप्रतिकार करणाऱ्या सीडी४ पेशी दुप्पट वेगानं घटत होत्या. संख्या ही गर्दीची गोष्ट असते. ताकद एकेका शरीरात मोजावी लागते.

पायरी ७. जनुकांची माहिती जोडा, पण जपून

औषधरोध तपासताना विषाणूच्या पोल जनुकाचा सुमारे हजार अक्षरांचा तुकडा वाचला जातो. तोच इथं कामाला येतो. पुण्यात भोसरीची एड्स संशोधन संस्था, जिला आपण नारी म्हणून ओळखतो, तिथं या विषयातलं काम अनेक वर्षं होत आलं आहे. दोन माणसांच्या तुकड्यांतला फरक १.५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्यांना एका झुबक्यात धरायची प्रथा आहे. हजार अक्षरांत पंधरा. विषाणू दर वर्षी हजारात साधारण दोन अक्षरं बदलतो असं धरलं, तर दोन्ही बाजूंनी मिळून चार, म्हणजे पंधराचा फरक पडायला पावणेचार वर्षं. झुबक्यात असणं म्हणजे गेल्या चारेक वर्षांत कुठंतरी समान मूळ असणं, इतकंच. कोणी कोणाला दिली हे त्यातून कळत नाही. मधला माणूस तपासला गेलाच नसेल.

किती तपासलेच गेले नसतील? गटातल्या दर पाचांपैकी एकाचाच नमुना हाती असेल, तर लागणीच्या शंभर जोड्यांपैकी दोन्ही बाजू दिसतील अशा फक्त चार. ०.२ × ०.२. जो औषधाला येतो त्याचा नमुना येतो, जो अड्ड्यावरच राहतो त्याचा येत नाही. म्हणून मॉडेलमध्ये 'नमुना मिळण्याची शक्यता' हा वेगळा आकडा ठेवा, बनवलेल्या साथीतूनही तेवढेच नमुने उचला, आणि मगच खऱ्या झुबक्यांशी तुलना करा. विषाणूंच्या वंशावळीचं झाड काढायला बीस्ट हे सॉफ्टवेअर वापरा, पण झाडावरच्या तारखा त्यांच्या अनिश्चिततेच्या पट्ट्यासकट दाखवा.

एक गोष्ट मी हट्टानं सांगतो. झुबक्यांचा नकाशा गल्ली-वस्तीसकट कधीही छापू नका. सांगली-मिरज एवढी लहान आहे, की वय, व्यवसाय आणि वस्ती कळली की माणूस कळतो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, माणसाची ही माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक केलं आहे. फाईलमध्ये नावांऐवजी कोड ठेवा, आणि कोडची यादी त्याच संगणकावर ठेवू नका.

पायरी ८. उपाय घालून पाहा आणि मांडा

मॉडेल आता तयार आहे. उपाय म्हणजे कुठला तरी एक आकडा बदलणं, म्हणून कुठला उपाय कुठला आकडा बदलतो ते आधी लिहा. नव्या सुया दिल्या की उसन्या सुया कमी होतात आणि जुनी सुई फिरण्याचा काळ घटतो. जागतिक आरोग्य संघटनेचं २०३० साठीचं लक्ष्य माणशी वर्षाला ३०० सुयांचं आहे. आपल्या गटाला किती मिळतात ते भागाकार करून पाहा. जोडलेल्या सुईची सिरींज दिली की एका वेळची शक्यताच खाली येते. ब्युप्रेनॉर्फिनसारख्या पर्यायी औषधानं सुई टोचण्याच्या वेळा घटतात. २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा, की या उपचारानं लागणीचा धोका सुमारे ५४ टक्क्यांनी कमी होतो. तो अफूवर्गातल्या नशेसाठी आहे, एमडी किंवा मेफेंटरमाईनच्या रकान्यात तो आकडा घालू नका. एचआयव्हीचं औषध जुन्या लागणीचा काळ कापतं. आणि वर पाहिलं त्याप्रमाणे, ताज्या लागणीला हात घालणारे उपाय सुईचेच आहेत.

सुया वाटणं म्हणजे नशेला उत्तेजन, असं बैठकीत कुणीतरी म्हणतंच. त्यांना शांतपणे सांगा, की २०१७ च्याच कायद्यात लागणीचा धोका कमी करणारे उपाय गुन्हा ठरत नाहीत असं कलम आहे. मग तिन्ही पटींच्या, म्हणजे ५, १० आणि २६ च्या, तीन रेघा असलेले तीन आलेख पुढं करा: औषध एकटं, सुया एकट्या आणि दोन्ही मिळून. प्रत्येक रेघेभोवती हजार फेऱ्यांचा पट्टा दाखवा. सरासरीची एकटी रेघ दाखवू नका, कारण ३०० माणसांच्या गटात सरासरीसारखं काही घडत नाही.

वाणांचा आलेख शेवटी ठेवा, आणि त्याच्या शेजारी सारख्या ताकदीच्या वाणांचा, म्हणजे चिंचोक्यांचा आलेख त्याच मापात लावा. बघणाऱ्यानं दोन्ही एका नजरेत पाहिले पाहिजेत.

बैठकीला जाण्याआधी सगळं एकदा पीअर कार्यकर्त्यांपुढं मांडा. मी आता 'आठवड्याला उसन्या सुया' हा रकाना पिवळा रंगवून मोकळा ठेवतो आणि लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवतो. गेल्या खेपेला त्या दादांनी तिथं एकच आकडा लिहिला नाही. पगाराच्या आठवड्याचा वेगळा लिहिला, महिनाअखेरचा वेगळा. माझ्या फाईलमध्ये त्या रकान्याचे तेव्हापासून दोन रकाने आहेत.